आवाजाची गाळणी

पाण्यात रेडिओ चालत नाही,
हे महाप्याच्या ऑफिसात मला रोज कुणाला तरी सांगावं लागतं.
दोन हात खोल गेलं की लहर विझते,
उजेड तर आपल्या खाडीत वीतभरही टिकत नाही.
उरतो आवाज.
म्हणून दिवाळ्याच्या जेट्टीपासून अर्ध्या तासावर
चिखलात रोवलेल्या तिवईवर
आमचं यंत्र बसलंय, दुधाच्या किटलीएवढं.
दर वीस मिनिटांनी शीळ घालून सांगतं:
खारटपणा इतका, प्राणवायू इतका, गाळ इतका.
सावकाश, एकेक आकडा,
पाढे अडखळत म्हणणाऱ्या पोरासारखं,
कारण उथळ पाण्यात शीळ तळावर आपटते, वर आपटते,
आणि स्वतःच्याच प्रतिध्वनींत वाट चुकते.

त्या मंगळवारी ते गप्प झालं.

जोमा नाखव्याची होडी. भाडं बाराशे, डिझेल वेगळं.
मी केबल सोडली, हेडफोन चढवले, हाक दिली.
काही नाही.
पुन्हा हाक.
"आज अष्टमी. भांगाचा पानी," नाखवा म्हणाला,
"सुस्त रातंय. थांब जरा."
माझ्या तक्त्यातही तेच होतं,
तीन दशांश स्थळांपर्यंत.

मग त्याने इंजिन बंद केलं,
वल्हं पाण्यात उभं धरलं
आणि दांड्याला कान लावला.
मला वाटलं, दमला.
"माजा बापूस असाच आयकाचा.
ढोमी बोलते. टर्र, टर्र, जशी कोन फली घासतंय.
आयकली का मंगच जालं टाकाचा."
"आणि आता?"
"आता माजा कान गेला का खाडी गेली, कलत नाय."

मीही कान लावून पाहिला.
ओलं लाकूड, डिझेलचा वास,
आणि माझंच रक्त.

यंत्र सापडलं काळोख पडता पडता.
तोंडावर कालवं चढली होती, बोटभर जाड.
नाखव्याने कोयत्याने खरवडली
आणि चार चांगली बघून डब्यात टाकली.

रात्री कोपरखैरण्यात, जेवण झाकून ठेवून,
मी माझाच दोन वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम उघडला.
ओळ दोनशे बारा:
ऐंशी ते आठशे हर्ट्झ, गोंगाट, काढून टाका.
बोटींची इंजिनं, पुलाची धडधड
आणि त्या पट्ट्यात आणखी जे कोण असेल ते.
आलेख कसा स्वच्छ आला होता तेव्हा!
साहेबांनी पेढे मागवले होते.

न गाळलेला आवाज सर्व्हर तीस दिवस ठेवतो,
मग पुसतो. हा नियमही माझाच.
शोधत गेले. तेवीस दिवसांमागची पहाट,
तीन वाजून दहा मिनिटं.
टर्र.
मग बराच वेळ नुसतं पाणी.
टर्र, टर्र.

एवढ्या रात्री फोन केला. त्याच्याकडे टीव्ही चालू होता.
"पुना लाव," तो म्हणाला, आणि कुणाला तरी ओरडून
टीव्ही बंद करायला लावला.
पुन्हा लावलं. पुन्हा.
"ढोमी नाय गो ही," तो शेवटी म्हणाला,
"शिंगाला असंल." थोडा थांबला.
"पन बोलतंय."

फाइलला नाव दिलं: शिंगाळा, पुढे प्रश्नचिन्ह.
दोनशे बारावी ओळ अजून पुसलेली नाही,
तिच्यावर बाकीचं सगळं उभं आहे.
पुसण्याचा नियम तेवढा काढला.