परतलेलं गवत

डोमिने हा माझ्या नातीचा ससा.
काळा कुळकुळीत, गळ्याशी पांढरी पट्टी,
म्हणून रोमकेनं नाव ठेवलं डोमिने: पाद्रीबाबा.
ती शिकायला उट्रेख्टला गेली,
तिथल्या खोलीत प्राणी चालत नाहीत,
तेव्हा पाद्रीबाबा आला माझ्या स्वयंपाकघरात,
सोबत पिंजरा, पाण्याची वाटी
आणि महिन्याभराचं गवत.

महिन्याभराचं म्हणे. अकरा दिवसांत संपलं.

खाऊन संपवलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं.
हा आधी सगळं विस्कटणार,
पानं तेवढी वेचणार, काड्या बाजूला सारणार,
मग त्याच ढिगावर बसून मुतणार
आणि वर माझ्याकडे बघणार,
देवळात दानाची थैली फिरताना
पुढच्या बाकावरचे मागे वळून बघतात तसा.

आमच्या घरात कुणी कधी गवत विकत आणलं नव्हतं.
आमचं गवत कोठारात छपराला टेकायचं.
बोल्सवर्डच्या दुकानात ते आता
प्लास्टिकच्या पिशवीत मिळतं, दोन किलो,
आणि किंमत अशी, की वीब्रन असता
तर चष्मा पुसून पावती दोनदा वाचली असती.

मी जाळीचं शिंकं टांगलं.
त्यानं खेचून खेचून निम्मं खाली पाडलं.
पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडली.
बोटभर भोकातून काही येईना,
दीड बोटाच्या भोकातून सगळंच आलं,
आणि शेवटी त्यानं खोकंच खाल्लं.
शेजारचा डाउवे म्हणाला,
शिंकं त्याच्या शौचाच्या पेटीवर टांग,
ससे खाता खाताच उरकतात.
खरं निघालं. इतकं खरं
की त्या रात्री मला सूप गेलं नाही.

तरी रोज सकाळी ओंजळभर उरायचंच.
कोरडं, स्वच्छ, अजून हिरवट.
हा नाक लावायचा आणि मान फिरवायचा.
स्वतःचंच उष्टं, तेही चालत नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी पिशवी संपली.
दुकान बंद, रस्त्यावर काचेसारखा बर्फ.
मी तो उरलेला पुंजका उचलला,
वर्तमानपत्रावर झटकला, उलटा केला, पुन्हा झटकला.
भुसा गळला. वास उठला.
आणि माझ्या लक्षात आलं, हे मी करत नाहीये,
हात करताहेत.

जूनमध्ये आम्ही कापलेलं गवत परतायचो,
वीब्रन पुढच्या ओळीत, मी मागच्या,
खालचं वर, वरचं खाली.
वारा शिरू दे, म्हणायचा, वारा शिरू दे.
ओल राहून कोठारात गेलं तर गवत आतून तापतं,
महिन्यानं पेटतं, गायींसकट.
म्हणून तो मध्यरात्री उठायचा,
ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवायचा,
थोड्या वेळानं उपसून मुठीत धरायचा,
आणि अंथरुणात परत येऊन
एक शब्द न बोलता
तो हात माझ्या पाठीवर ठेवायचा.
गार असला की मी झोपायचे.

तेच गवत मी पुन्हा शिंक्यात घातलं.
एक काडी नवी नाही.
पाद्रीबाबा आला. नाक हललं.
आणि खायला लागला, आजच कापल्यासारखं.

आता दिवसातून तीनदा परतते.
थोडंच घालते, परतते, पुन्हा घालते.
भिजलेलं तेवढं बटाट्याच्या वाफ्यात जातं.
रोमकेनं फोनवर विचारलं, आजी, किती लागतं गं त्याला?
म्हटलं, तुला लागायचं त्याच्या निम्मं.
कसं काय? म्हणाली.
म्हटलं, फसवते त्याला.
तसं म्हणायला नको होतं.

दोन किलोची पिशवी, ती काय तापणार.
तरी दिवा मालवण्याआधी
मी तिच्यात कोपरापर्यंत हात घालून बघते.

गार आहे.