साक्षीदाराच्या तोंडचा शब्द

जिल्हा न्यायालय, इंदूर. खोली क्रमांक अकरा.
माझं काम एवढंच:
मराठीत आलेलं इंग्रजीत पोचवायचं,
वाटेत सांडू द्यायचं नाही.

सुमित्रा वाघमोडे, वय अठ्ठावन्न, राहणार मल्हारगंज.
पोह्यांची गाडी, गोराकुंडाच्या वळणावर.
बाजारात हिंदी फाडफाड बोलते,
पण शपथ घेतली की आईच्या भाषेत घसरते.
रंगपंचमीच्या गेरीत तिची गाडी उलटली, कढई गेली,
शेजारच्या घड्याळवाल्याची काच फुटली,
आणि सात पोरं आत आहेत.

वकील विचारतात, कोणी केलं?
"गर्दीनं."

टंकलेखकाची बोटं हवेत थांबतात.
मी तोंड उघडायच्या आत वकील पुरवतात:
मॉब.

दोनच अक्षरं,
पण हातात दगड घेऊनच आत येतात.
क्राउड बिचारा नुसता उभा असतो,
थ्राँग तर देवळापाशीच शोभतो.
मॉब लिहिला की हेतू आपोआप लिहिला जातो,
आणि कायद्याला पाच माणसं पुरतात.

मी विचारते, बाई, गर्दी म्हणजे कशी?
ती बघते माझ्याकडे,
पोहे कशाचे करतात असं विचारल्यासारखी.
"अहो, गर्दी म्हणजे गर्दी.
टँकरचं पाणी आलं, मागचे पुढे आले,
पुढच्यांना पुढे जागाच नव्हती.
माझी गाडीपण चालून राहिली होती त्यांच्यासोबत,
मग पडली.
एकानं मला उचलून ओट्यावर ठेवलं, पोत्यासारखं.
एकानं गल्ल्याचा डबा आणून दिला,
मोजून घ्या म्हणाला.
तोंडं? सगळी हिरवी-गुलाबी.
सख्खा पुतण्या असता तरी ओळखला नसता.
एकानं काचेवर हात मारला. का, ते त्याला माहीत.
तीपण गर्दीच."

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता कोश उघडते.
मॉब: मूळ लॅटिन, मोबिले वुल्गुस,
म्हणजे हलती, चंचल जनता.
लंडनच्या लोकांना एवढं लांब बोलायला वेळ नव्हता,
शेपूट छाटलं.
मोबिलेचा दुसरा वंशज आता
प्रत्येकाच्या खिशात थरथरतो,
त्या दिवशी तो गेरीवर हजार हातांनी उंच धरला होता,
आणि त्यातल्या एकातही
काचेवरचा हात नीट दिसत नाही.

इंग्रजीवर राग काढणं सोपं आहे.
मग आठवते भाऊगर्दी.
आठवतं, आपणही कधी शत्रूला गर्दीस मिळवत होतो,
धूळ करत होतो.
आपला शब्द काही धुतलेला नाही,
फक्त जुना झालाय,
इतका, की आता त्यात पोहे विकता येतात.

तीन वाजता मी उभी राहते.
साक्षीदाराचा शब्द तसाच ठेवावा, साहेब.
साहेब चष्म्यावरून बघतात. अर्थ?
मी म्हणते, मागचे पुढे आले,
पुढच्यांना जागा नव्हती.
वकील हसतात. साहेब हसत नाहीत.
लिहा, म्हणतात.

टंकलेखक रोमन लिपीत एकेक कळ दाबतो.
जी. ए. आर. डी. आय.
मी नकळत मोजते: पाच.
कायद्याला पुरतील एवढी.

"झालं ना?" सुमित्राबाई विचारते,
"मग तो येण्या-जाण्याचा भत्ता
कोणत्या खिडकीवर देतात?
मघाशी पाहिलं मी,
तिथं पण लई गर्दी आहे."