अडीच

लोटलीकर बाईंनी कागदावर चार रकाने पाडले.
वय. अंगात बळ किती. डोक्यात गाठी किती.
डोकं सोडून बाकी शरीरात आजार कुठवर पोचलाय.
कुठं एक, कुठं अर्धा, एका ठिकाणी शून्य.
खाली रेघ मारली, बेरीज केली:
चारपैकी अडीच.

मी तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटात मापाडी.
एकतीस वर्षं काट्यापाशी उभा.
गोणी खांद्यावरनं उतरायच्या आत म्हणतो, त्रेपन्न.
काटा म्हणतो, साडेबावन्न.
तेव्हा अर्ध्याचं मला नवल नाही.
मी एवढंच विचारलं, अडीच म्हणजे किती दिवस?

बाई म्हणाल्या, हिच्यासारख्या शंभर जणी
एका रांगेत चालताहेत असं समजा.
पन्नासावी जिथं थांबते, तो आकडा.
मग आकडा सांगितला.

तो इथं लिहीत नाही.
आमच्यात पूर्वी भाव रुमालाखाली ठरायचा.
बोटं दाबली की घेणाऱ्याला कळायचं, विकणाऱ्याला कळायचं,
बघ्यांना फक्त फडकं हललेलं दिसायचं.

सुगंधा बघ्यांत नव्हती.
तिनं विचारलं, "शंभरावी कुठाय?"

बाईंचं पेन थांबलं.
"लांब. रांग पुढं पुढं विरळ होते.
काही जणी अजून चालताहेत,
त्यांचा हिशेब आम्हाला मिटवताच आलेला नाही."

"आणि पहिली?"

बाईंनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

खारघरला पाच दिवस किरणं दिली.
तोंडावर जाळीचा मुखवटा, गरम पाण्यात मऊ करून
तिच्याच नाकाडोळ्यांवर थापलेला.
शेवटच्या दिवशी तिनं तो मागून घेतला.
आता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय, आत कांदे.
म्हणते, वारा लागतो, कोंब येत नाहीत.
भाचेसून आली ती उंबऱ्यातच थबकली.

गोळ्यांनी रात्री दोनला भूक लागते.
मी भाकरी करतो, तिला गोल लागत नाही, चालतं.
मधेच एखादा शब्द हरवतो.
काल "वेलदोडा" सापडेना.
"ते रे, चहातलं, हिरवं, महाग," म्हणाली.
महाग मात्र बरोबर आठवलं.

कोपरखैरण्यात आमची खोली दुसऱ्या मजल्यावर.
डावा पाय उचलेना म्हणून परवा
मी तिला जिन्यातनं उचलून आणली.
हात हिशेब करतात, त्यांना कोण अडवणार?
तिसऱ्या पायरीलाच उत्तर आलं होतं.

दारापाशी टेकवली, तर विचारते, "किती?"

"पंचेचाळीस," मी म्हणालो.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
वजन वाढवून सांगितलं.

तिनं पदरानं माझ्या कपाळावरचा घाम पुसला.
"मापाडी," म्हणाली, "कडता धरायला विसरलास."