बारा पुठ्ठे

अंबादास जॉबरनं घरटी बारा पुठ्ठे वाटले,
जेकॉटचे, कोरे. आणि सगळ्या गल्लीत मिळून एक पंच.
नक्षी कसली काढायची?
"मलाच ठाव नाही," तो म्हणाला.
"आपण स्वतः पुढं पाठवलेलं एक खोटं आठवायचं.
जेवढ्यांना पाठवलं, तेवढी भोकं."

आठ दिवस पंच पहिल्या दारातून हलेना.
दुसऱ्याचं खोटं मात्र ज्याला त्याला तोंडपाठ.

यल्लव्वानं विड्यांच्या सुपातून हात काढून
एकच भोक पाडलं: "फक्त बहिणीला सांगितलेलं."
मग थांबली.
बहिणीनं किती जणींना?
दुसऱ्या दिवशी पंच परत मागून घेतला.

माझा हिशेब सोपा होता.
मार्चमधला तो आवाज: बाई रडतेय,
पांढरा टेम्पो, बेकरीचा, पोरं नेतात.
गल्लीचा ग्रुप, भिशीचा, शाळेतल्या पालकांचा,
मिळून तीनशे अकरा माणसं,
कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत.
पोरगा कुर्डुवाडीला मावशीकडं सापडला, संध्याकाळी.
दस्तगीरच्या टेम्पोची काच
दुपारीच फुटली होती.
खारी रस्त्यावर. कोंबड्यांनी तेवढी खाल्ली.

अंगठ्याला फोड आला तरी माझे पुठ्ठे भरेनात.

दस्तगीरनं त्याचे बारा कोरेच परत दिले.
अंबादासला वाटलं, राहून गेलं असेल.
"नै, हो गया," तो म्हणाला.

अक्कलकोट रोडच्या बंद कारखान्यात
एक माग तेवढा चालू केला.
पुठ्ठे हाताला आले तसे ओवले,
कुणाशेजारी कोण, हे न बघता.
धोटा सुटला.
साठ घरांचं कापड निघालं, जेमतेम हातभर.

"एनद इदु?" यल्लव्वानं विचारलं.
"चीमलु," नरसम्मा म्हणाली. मुंग्या.
मोर नाही, फूल नाही.
काहीतरी दिसेल असं मनातून सगळ्यांनाच वाटत होतं.

मी माझी पट्टी शोधली. दाट, हाताला खरबरीत.
तिला लागूनच दस्तगीरची हवी होती.
नव्हती.
अंबादासनं कापड उलटं केलं.

पाठीमागं बारा धागे,
या काठापासून त्या काठापर्यंत सैल,
एकाही उभ्या धाग्यात न गुंतलेले.
माझं बोट त्यात अडकलं.
"लोंबतंय. कापू का?"
"काप," तो म्हणाला. "मग शेजारचं तुझंही उसवेल."

आता ते कापड बेकरीत आहे,
काउंटरमागं, उलट्या बाजूनं टांगलेलं.
दस्तगीर फार बोलत नाही.
पाव किलो खारी घालतो
आणि काटा थांबेपर्यंत थांबतो.

तीनशे अकरांपैकी दोनशे चार जणांना
आजवर कळवलं, एकेकाला, रात्री भांडी झाल्यावर.
बरेच जण विचारतात,
कोण दस्तगीर?