आतलं

आता येत नाही ताई, म्हटलं,
कोणत्याच कंपनीचा येत नाही.
लॅपटॉप झाले पापडासारखे,
सीडी घालायला जागाच कुठे ठेवली त्यांनी?

सुलभा मेश्राम, आयुध निर्माणीतून रिटायर.
नवा लॅपटॉप उचलून
चारी कडांवरून बोट फिरवून राहिल्या,
भाड्याच्या घरात शिरल्याबरोबर
माणूस आधी मोरी शोधतो, तसं.

"बाहेरून जोडायचा मिळते. बाराशेला."
"बाहेरचं हरवते रे. आतलं असलं की असते."

मी हसलो. मे महिना, सीताबर्डीत शेहेचाळीस,
कूलरमधलं पाणी चहाइतकं गरम,
आणि मला हे दिवसातून चारदा समजावावं लागतं:
की सिनेमा आता हवेतून येतो,
विंडोज पेनड्राइव्हमधून,
फिरणारी वस्तू म्हणजे बिघडणारी वस्तू,
वर्षातून एकदा उघडणाऱ्या दारासाठी
पावशेर वजन कशाला वागवायचं?
माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये तेवीस ड्राइव्ह पडलेत,
गिऱ्हाइकांच्या लॅपटॉपमधून काढलेले.
त्यांच्या जागी डिस्क बसवून दिली. सगळे खूश.
एकही परत आला नाही विचारायला.

खोटं कशाला, एक आला होता.
इतवारीतला चिंधूजी पौनीकर.
पोराच्या बारशाची सीडी राहून गेली होती आत.
मी पुसून समोर ठेवली.
तो म्हणाला, राहू दे तुझ्याजवळच,
पोरगं बोलत नाही आता माझ्याशी.

मेश्रामबाईंनी पिशवीतून जुना काढला.
जाडजूड, बिजागरीला बँडेजची पट्टी.
"अटकला. उघडूनच नाही राहिला."
यूपिन सरळ केली, बारक्या भोकात टोचली.
ट्रे आला बाहेर, डॉक्टरला दाखवल्यासारखा,
जिभेवर सीडी. धंतोलीतल्या दवाखान्याची.
मार्करने लिहिलेलं:
मेश्राम डी. एल., पुरुष, ५४, अँजिओ.

लावून पाहिली. राखाडी पडद्यावर
काळी शाई सुटली, फांद्या फुटल्या,
आणि सगळं झाड आकसलं, सैल झालं, आकसलं.
अकरा सेकंद. पुन्हा पहिल्यापासून.
बाई स्टूल ओढून बसल्या.
"तिथं, उजवीकडं, बारीक झालेली दिसते ना, तीच."
दुधवाल्याचं घर दाखवावं, त्या सुरात.

मी कॉपी करून घेतली, नव्यावर चालवली.
एका क्लिकमध्ये. चित्र पहिल्यापेक्षा साफ.
बाई बघत राहिल्या. तीनदा झाडाला फांद्या फुटल्या.
मग म्हणाल्या,
"आवाज काहून नाही येऊन राहिला?"

ताई, याला आवाज नसतोच, असं म्हणणार होतो.
तेवढ्यात शेजारी जुना,
सीडी अजून पोटात,
घर्र करून उठला.
टक्. थांबला. टक्, टक्.
आतलं भिंग आपली जागा शोधत होतं.

डोक्यावरून मेट्रो गेली.
काउंटरवरचे स्क्रू थोडे सरकले.

"मशीनचा आहे, मालूम आहे मले,"
बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या.
"अठ्ठावीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली, भाऊ.
पण यांच्यामागं बारा वर्षं हाच ऐकला."

नवा घेतला त्यांनी. नातीला पाहिजे होता, कॉलेजला.
जुन्याचे किती, विचारलं.
मी भिंगावर कापूस फिरवला, रुळांना वंगण लावलं,
बिलावर लिहिलं: ड्राइव्ह सफाई, ऐंशी रुपये.
त्यांनी शंभर दिले, वीस मोजून परत घेतले.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
खालचा ड्रॉवर उपसला.
तेविसातला एक त्यांच्या मॉडेलला बसणारा निघाला.
चिठ्ठी चिकटवली: मेश्राम. विकायचा नाही.
जोडून, कानाशी धरून ऐकला.

चालतो.
आवाज थोडा वेगळा आहे याचा.
सांगावं लागेल.