अकरा महिने

जाहिरात आतल्या पानावर होती, दातांच्या दवाखान्याशेजारी:
विद्यापीठाचा जीवशास्त्र विभाग, सांगली.
संशोधन साहाय्यक. पद एक.
निव्वळ तात्पुरते. मुदत अकरा महिने.
मुलाखतीस स्वखर्चाने यावे.

स्वखर्चाने म्हणजे आष्ट्याहून सकाळची सातची एसटी,
मांडीवर फाइल, फाइलीत मी:
दहावी, बारावी, बी.एस्सी., एम.एस्सी.
आणि याच विभागाची दोन अनुभवपत्रं,
दोन्हींवर अकरा महिने.
बाराव्या महिन्याचा दाखला कुणी देत नाही.

व्हरांड्यात सहा खुर्च्या, आम्ही नऊ जण.
नदाफमामा सह्या घेत फिरतात.
माझ्यापाशी आवाज खाली आणून म्हणतात,
"तुझी पेटी हाय बघ अजून, उणे वीसला,
खालच्या कप्प्यात. मी हलवू दिली न्हाई."

पेटीत दोनशे चौदा कुप्या.
वाळवा, कडेगाव, तासगाव, मिरज पूर्व:
हळदीच्या मुळांभोवतीची माती,
मातीतून निवडलेले जीवाणू,
त्यातले सतरा कंदकूज रोखणारे.
झाकणांवर माझं अक्षर, जरा फिसकटलेलं.
माझी मुदत संपून सात महिने झाले.
ते अजून नोकरीत आहेत.

नमुने गोळा करताना नखं पिवळी व्हायची,
साबणानं जायची नाहीत.
लग्नाकार्यात बायका हात धरून म्हणायच्या,
हळद तर लागली की गं, नवरा कुठाय?
उबवायला ठेवलाय, म्हणायचे मी,
अठ्ठावीस अंशांवर.

आण्णा चातुर्मासात दिवस मावळायच्या आत जेवतात.
एकदा घास थांबवून त्यांनी विचारलं,
तुमच्या त्या वाफेच्या डब्यात
दिवसाला जीव किती मरतात?
मी हिशेब केला. आकडा ताटापाशी सांगण्यासारखा नव्हता.
म्हटलं, मारते त्याहून जास्त वाढवते.
ते काही बोलले नाहीत. वाटीतलं ताक संपवलं.

समोरच्या खुर्चीत श्रुतिका वग्यानी.
तिला पिपेट धरायला मीच शिकवलं:
अंगठा हळू सोड, बुडबुडा येऊ देऊ नकोस.
ती माझ्याकडे बघत नाही.
फाइल छातीशी, आणि अंगठा
फाइलीच्या कडेवर
दाबतेय, हळू सोडतेय.

"त्रिशला मगदूम."

आत पाच जण, पाच कप, बिस्किटांची एक बशी.
बाहेरून आलेले तज्ज्ञ विचारतात,
निवड झाली तर पहिल्या दिवशी काय कराल?
पाठ केलं होतं: आराखडा, उद्दिष्टं, टप्पे.
तोंडातून निघालं,
आधी त्या कुप्या बाहेर काढून बघेन
कोण कोण जिवंत आहे.
मग नवी लेबलं लावेन. शाई पुसत चाललीय.

कुणीतरी काहीतरी लिहून घेतलं.

बाहेर नदाफमामांनी डोळ्यांनीच विचारलं, कसं काय?
मी श्रुतिकापाशी थांबले.
खालचा कप्पा, म्हटलं. दार जरा अडकतं.
उचलून ओढ.