माप

शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस,
खाली गुळाचं गोदाम.
फायलींना गुळाचा वास,
आणि मुंग्यांना अजून कळलेलं नाही
की इथं गोड असतं ते फक्त बोलणं.

येसबा सातपुते सुभाषनगरातून आले.
पिशवीत पासबुक, पासबुकात साडेचार लाख,
चाळीस वर्षं कातडं कापून जमलेले.
"मेव्हण्यानं घेतलाय त्योच फंड द्या.
त्याचं दुप्पट झालंय."

मी फॉर्म काढला. प्रश्न सातवा:
बाजार वीस टक्के पडला तर आपण काय कराल?
अ, आणखी गुंतवाल. ब, थांबाल. क, काढून घ्याल.
"पडल्यावर कळंल की ओ, मॅडम.
पाठ लागायच्या आधी कुठला पैलवान सांगतोय
रडणार का हसणार?"
मी 'ब'वर टिक केली.
पेन माझं. टिकही माझीच.
त्या महिन्यात माझं टार्गेट
तीन लाखांनी कमी पडत होतं.

नऊ महिने बरे गेले.
दर सोमवारी फोन. "आज किती?"
मी आकडा सांगायचे.
"आणि मेव्हण्याचं?"
पाच साठपर्यंत चढलं,
मग उतरलं. पाच तीस. पाच पाच. चार ऐंशी.

एका दुपारी जिना चढून आले,
चपला दाराबाहेर काढल्या, स्वतः शिवलेल्या.
"काढून द्या. ऐंशी हजार गेलं माझं."
म्हटलं, घातले साडेचार, आहेत चार ऐंशी,
तीस हजार वरच आहात.
"पाच साठ हुतं न्हवं? म्या बगिटलंय."
शिखरावरून मोजणाऱ्याला
पायथा कितीही उंच असला तरी खड्डाच दिसतो,
असं काहीतरी मी म्हणाले.
आपण कितीला घेतलं, कितीला पाहिलं,
बाजाराच्या ते गावीही नसतं.
आणि बोलताना मला आठवत होते
कपाटातले दादांचे सूतगिरणीचे शेअर,
अठ्ठावीसला घेतलेले, तीनवर आलेले,
अठ्ठावीस झाले की विकीन म्हणून
मी जपलेले.

मग कॅलेंडर उलटं फिरवलं त्यांच्याकडे.
वर्ष भरायला अकरा दिवस कमी.
आज काढलंत तर फंड एक टक्का कापून घेईल,
उरल्या नफ्याचा पाचवा हिस्सा सरकारचा.
दुकानाचं रिटर्न दरसाल भरता, लपायचं नाही.
वर्ष उलटलं की सव्वा लाखापर्यंतचा नफा मोकळा.
थांबलात तर दहाएक हजार वाचतील.

"आन् अकरा दिवसांत अजून पडलं तर?"

पडू शकतं, मी म्हणाले.
वर्षभरात त्यांच्याशी बोललेलं
हे पहिलं सरळ वाक्य.

ते गप्प. नजर खाली, टेबलाखाली, माझ्या पायांकडे.
"ही चप्पल तुमची न्हाई. टाच भायेर पडतीया.
बगून घेतलासा, माप न देता."
थोड्या वेळानं,
"माझं बी तसंच केलासा.
नवं कातडं चावतंय, त्ये चालतंय, त्याल लावलं की मऊ हुतंय.
पर आखूड कातडं त्यालानं वाडत न्हाई."

नवा फॉर्म घेतला. या वेळी आधी विचारलं,
पैसे लागणार कधी?
"चैत्रात. गाळ्याचं डिपॉझिट."
चैत्राला चार महिने होते.
वर्षापूर्वीही त्यांनी हेच सांगितलं असतं,
मी विचारलं असतं तर.
सातव्या प्रश्नाला पेन त्यांच्या हातात दिलं.
'क'वर त्यांनी इतकी दाबून टिक केली
की खालच्या कागदावर उमटली.

जाताना म्हणाले, पाय ठेवा.
योजनेचं माहितीपत्रक पालथं घातलं जमिनीवर
आणि माझ्याच पेननं
पावलाभोवती रेघ काढली, सावकाश,
अंगठ्यापाशी थांबून, टाचेला वळून,
जोखमीच्या बारीक अक्षरांवरून.

अकराव्या दिवशी आकडा काय होता
ते त्यांचं त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे.
चप्पल बसली. डाव्या अंगठ्याला अजून चावते.

शेअर कपाटातच आहेत.
आजचा भाव तीन रुपये दहा पैसे.